मूरक्रॉफ्टचा हिमालयप्रवास : एक साधनपरीक्षण

इसवी सन १८४१ सालीं लंडन येथें जॉन मरे या प्रकाशकानें दोन खंडांचा एक प्रवासग्रंथ प्रसिद्ध केला. हिंदुस्थानांतील हिमालयाचे प्रांत, पंजाब, लडाख, काश्मीर, पेशावर, काबूल, कुंदुझ आणि बुखारा या मुलखांतून विल्यम मूरक्रॉफ्ट व जॉर्ज ट्रेबेक यांनीं १८१९ पासून १८२५ पर्यंत केलेल्या प्रवासाचा हा वृत्तांत होय, असें त्याच्या नामपृष्ठावर म्हटलें आहे. मूळ कागदांवरून तो तयार केला होरेस हेमन विल्सन यांनीं. ज्यांनीं प्रवास केला ते दोघेही ग्रंथ छापला जाण्यापूर्वीं सुमारें सोळा वर्षें मरण पावले होते; त्यांपैकीं एकाच्याही दृष्टीस या पुस्तकाचें एक पान पडलें नाहीं. तरीही लडाख व पश्चिम तिबेट येथील फिरत्या मेंढपाळांविषयीं किंवा शालीच्या लोकरीविषयीं कांहीं लिहावयाचें झालें म्हणजे ‘मूरक्रॉफ्ट म्हणतो’ असें लिहून या ग्रंथाचा हवाला देण्याचा प्रघात आजतागायत चालू आहे. हें म्हणणें कितपत मूरक्रॉफ्टचें आणि कितपत विल्सन यांचें, याचा विचार प्रस्तुत लेखांत कर्तव्य आहे.

हा प्रश्न लहान नाहीं. ज्या स्वतंत्र लडाखचें वर्णन या ग्रंथांत आलें आहे, त्याचा शेवट मूरक्रॉफ्ट तेथून निघाल्यानंतर लवकरच झाला. १८३४ सालीं जम्मूच्या गुलाबसिंगाचा सरदार जोरावरसिंग यानें त्या राज्यावर स्वारी केली. तिबेटांतून लेह येथें लोकर व मीठ घेऊन येणारे कळप ज्या वाटांनीं चालत, त्या वाटा १९६२ च्या युद्धाच्या सुमारास बंद पडल्या. पालें देऊन राहणाऱ्या त्या लोकांनीं आपल्या येण्याजाण्याचें दप्तर ठेविलें नाहीं. त्यांच्या जीवनक्रमाचा पुरावा दुसऱ्यांच्या कागदांतूनच काढावा लागतो. आणि ते कागद कोणत्या स्थितींत आपल्या हातीं येतात, यावर त्या पुराव्याची किंमत अवलंबून राहते. मूरक्रॉफ्टचे मूळ कागद इंडिया ऑफिसच्या संग्रहांतून आतां लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आले आहेत. प्रस्तुतचें परीक्षण छापील साधनांपुरतें आहे. छापील साधनें एकमेकांशेजारीं ठेविलीं तरी पुष्कळ उलगडा होतो, असें आमच्या प्रत्ययास आलें.

(१) प्रवासी व प्रवास

मूरक्रॉफ्ट हा लँकेशायरमधील ऑर्म्सकर्क गांवचा. जन्म १७६७. प्रथम लिव्हरपूल येथें त्यानें शस्त्रवैद्यकाचा अभ्यास केला. पुढें फ्रान्समध्यें लिओं येथें जाऊन तो पशुवैद्य झाला. १८०८ सालीं तो ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींत हिंदुस्थानांत आला आणि बिहारमधील पुसा येथें कंपनीच्या घोड्यांच्या पैदाशीचें काम त्याजकडे सोंपविण्यांत आलें. रिसाल्यास जातिवंत घोडे मिळावयाचे तर बुखाऱ्याकडून ओलाद आणली पाहिजे, हें त्याच्या मनानें घेतलें, आणि त्याचें पुढील सर्व आयुष्य याच एका गोष्टीच्या पाठीमागें गेलें.

१८१२ सालीं त्यानें हायडर यंग हिअर्सी यास बरोबर घेऊन पहिली मोठी फेरी केली. दोघांनीं गोसाव्याचा वेष घेतला. मूरक्रॉफ्ट मायापुरी झाला व हिअर्सी हरगिरी झाला. बरोबर हरबल्लभ नांवाचा वृद्ध पंडित व त्याचा पुतण्या हरखदेव हे होते. सुमारें १६,६०० फूट उंचीची नीतीची खिंड ओलांडून ते तिबेटच्या पश्चिम भागांत उतरले, दाबा व गारटोक येथें गेले आणि ऑगस्टमध्यें मानससरोवरास पोंचले. शालीची लोकर देणाऱ्या शेळ्या विकत घेऊन ते परत फिरले. त्या वेळीं कुमाऊं प्रांत नेपाळच्या अमलाखालीं होता. तेथील गुरख्यांच्या अधिकाऱ्यांनीं त्यांस अडकवून ठेविलें, परंतु अखेर सुटका झाली.

दुसरी फेरी १८१९ च्या अखेरीस सुरू झाली. तींत तरुण ट्रेबेक, औषधोपचार जाणणारा गथ्री, फारसीचा जाणता मीर इज्जतउल्ला, बरेलीचा गुलाम हैदरखान आणि कलकत्त्याच्या व्यापारी पेढ्यांनीं दिलेल्या मालाचा मोठा काफिला होता. लाहोरास रणजितसिंगाची भेट घेऊन व कांगड्याच्या संसारचंदाचा पाहुणचार घेऊन ही मंडळी रोहतांग ओलांडून सप्टेंबर १८२० मध्यें लेह येथें पोंचली. यारकंदास जाण्याचा परवाना मिळावा म्हणून तेथें सुमारें दोन वर्षें खटपट झाली. चिनी अंमलदारांनीं परवाना दिला नाहीं, आणि हातचा व्यापार जाईल या भीतीनें काश्मिरी व्यापारी आड आले. तेव्हां काश्मीर, पेशावर, काबूल अशी फिरून वाट धरावी लागली. कुंदुझच्या मुराद बेगानें त्यांस फार नाडलें. अखेर फेब्रुवारी १८२५ मध्यें ते बुखाऱ्यास पोंचले. परत येतांना २७ ऑगस्ट १८२५ रोजीं अंदखोई येथें मूरक्रॉफ्ट वारला. त्याच्या मागोमाग गथ्री व ट्रेबेक हेही गेले. मूरक्रॉफ्टचा देह बाल्ख येथें आणून पुरण्यांत आला. १८३२ सालीं अलेक्झांडर बर्न्स यानें ती जागा पाहिली.

(२) कागदांची हकीकत

इतक्या वर्षांत मूरक्रॉफ्टनें लिहिलेल्या कागदांचा ढीग फार मोठा होता. रोजचीं टिपणें, सरकारास पाठविलेलीं पत्रें, मालाच्या किंमती, गवत, मेंढ्या, रोग, औषधें, शालीचे माग, राजकारण असें सर्व कांहीं त्यांत होतें. त्यांतील कांहीं भाग त्याच्या हयातींतच कलकत्त्यास गेला होता. कांहीं मृत्यूनंतर गोळा झाला. ते कागद बंगालच्या एशियाटिक सोसायटीकडे आले. विल्सन हे त्या सोसायटीचे चिटणीस असून १८३२ सालीं ऑक्सफर्ड येथें संस्कृतचे अध्यापक म्हणून निवडले गेले होते. सोसायटीच्या वतीनें हें काम त्यांनीं अंगावर घेतलें.

विल्सन यांनीं आपलें कर्तृत्व लपविलेलें नाहीं, हें आरंभींच सांगणें न्यायाचें होईल. कागद फार विस्तृत, विस्कळित व पाल्हाळाचे आहेत, त्यांचा संक्षेप करणें भाग पडलें, असें ते प्रस्तावनेंत स्पष्ट सांगतात. दोन लेखक मृत, कागद विखुरलेले, प्रदेश संपादकानें स्वतः न पाहिलेला आणि छापणारा लंडनचा व्यापारी. अशा स्थितींत दोन आटोपशीर खंड सिद्ध करणें हें सामान्य काम नव्हे. विल्सन नसते तर मूरक्रॉफ्टचें नांव आज फार थोड्यांस ठाऊक असतें. आमचा आक्षेप त्यांच्या परिश्रमांवर नाहीं. त्यांनीं जी पद्धति स्वीकारली, तिनें पुराव्याच्या कोणत्या अंगास धक्का लागला, एवढेंच आम्हांस दाखवावयाचें आहे.

(३) तारीख गेली, पाल हरवलें

सुदैवानें तुलनेस मूरक्रॉफ्टचेंच दुसरें लिखाण उपलब्ध आहे. १८१२ च्या मानससरोवराच्या फेरीचा वृत्तांत ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या बाराव्या ग्रंथांत १८१६ सालीं छापला गेला. तो दिनचर्येच्या रूपांत आहे. तारीख, उष्णतामापकाचा आंकडा, सकाळीं किती वाजतां निघालों, वाट कशी होती, मुक्काम कोठें पडला, हें क्रमानें येतें. वाटेची लांबी मोजण्याचें काम हरखदेवाकडे होतें. ठराविक लांबीचें पाऊल टाकीत त्यानें वाट मोजावी व पावलांची संख्या टिपली जावी असा संकेत होता. वाचणारास हा मजकूर रुक्ष वाटतो. परंतु याच रुक्षपणाच्या योगानें त्यांतील प्रत्येक वाक्यास दिवस आणि ठिकाण यांचा आधार मिळालेला आहे.

१८४१ च्या ग्रंथांत प्रवासाच्या मजला सांगतांना कांहीं तारखा राहिल्या आहेत. पण लेह येथील दोन वर्षांच्या मुक्कामांत जें पाहिलें व ऐकलें, तें सर्व विल्सन यांनीं विषयवार लावून टाकिलें आहे. सीमा, नद्या, हवा, पिकें, जनावरें, व्यापार, राज्यव्यवस्था अशीं प्रकरणें पाडलीं. एखाद्या जिल्ह्याच्या गॅझेटियरास ही रचना शोभते. वाचणारासही ती सोयीची आहे. परंतु १८२० च्या शरदांत लिहिलेलें टिपण आणि १८२२ च्या उन्हाळ्यांत लिहिलेलें टिपण एका परिच्छेदांत मिसळून गेलें, म्हणजे त्यांतील कोणतें केव्हांचें हें ओळखण्याचा मार्ग उरत नाहीं.

स्थिर वस्तीच्या बाबतींत हें नुकसान सोसतां येईल. पुरीग प्रांतांतील घरोघरच्या लहान मेंढीचें उदाहरण घ्यावें. ही मेंढी पूर्ण वाढली तरी इंग्लंडांतील पांचसहा महिन्यांच्या कोंकराएवढीच असते. ती वर्षांत दोनदां विते व दोनदां कातरली जाते. घरांत कुत्र्यासारखी वावरते, सांडलेले अन्नाचे कण वेंचते आणि मीठ व लोणी घातलेल्या चहाचा पेला चाटून पुसून घेते, असें मूरक्रॉफ्ट लिहितो. या मेंढीवरील त्याचें टिपण रॉयल एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेंत स्वतंत्रपणेंही छापलें गेलें आहे. पशुवैद्याची सूक्ष्म नजर आणि गरीब शेतकऱ्याच्या घराविषयींचा जिव्हाळा त्यांत एकत्र दिसतो. तें कोणत्या महिन्यांत लिहिलें हें न कळलें तरी बिघडत नाहीं. मेंढी त्याच घरांत बारा महिने असते.

चांगथांगाच्या पठारावरील लोकांची गोष्ट निराळी. याकच्या केसांच्या काळ्या तंबूंत राहणारे हे चांगपा शेळ्या, मेंढ्या व याक घेऊन ऋतुमानाप्रमाणें कुरण बदलीत जातात. शेळीच्या अंगावरील बारीक पश्म उन्हाळ्याच्या आरंभीं विंचरून काढावयाची असते. सरोवरांच्या कांठचें मीठ मेंढ्यांच्या पाठीवर लादून खालच्या खोऱ्यांत न्यावयाचें आणि त्याच्या बदल्यांत सातू आणावयाचे, असा त्यांचा व्यवहार. अशा लोकांविषयीं ‘अमुक ठिकाणीं पन्नास तंबू आहेत’ या विधानास महिन्यावांचून कांहीं अर्थ नाहीं. आपल्याकडील धनगरांचें उदाहरण वाचकांच्या नित्य पाहण्यांतलें आहे. पावसाळ्यांत ते पूर्वेच्या कोरड्या माळांवर असतात व पाऊस सरल्यावर पश्चिमेकडे उतरतात. एखाद्या परदेशी प्रवाशानें कार्तिकांत घाटाखालीं धनगरांचा वाडा पाहिला व संपादकानें कार्तिक गाळून ‘येथें धनगर राहतात’ एवढेंच छापलें, तर विधान खोटें होणार नाहीं. पण धनगर म्हणजे काय हें मात्र त्यांतून निघून जाईल. चांगपांविषयींच्या मजकुराचें असेंच झालें आहे.

गारटोकचा दाखला या दृष्टीनें फार बोलका आहे. मूरक्रॉफ्ट तेथें १८१२ च्या जुलैंत पोंचला. काळ्या कांबळ्यांचे तंबू, थोडींशीं घरें आणि मैदानभर पसरलेले कळप असें त्यानें पाहिलें. हें ठिकाण पश्चिम तिबेटच्या अधिकाऱ्यांचें उन्हाळ्याचें ठाणें होय. हिवाळ्यांत ते गार-गुन्सा येथें हलत. म्हणजे राजधानीच फिरती होती. दिनचर्येंत जुलैची तारीख छापलेली असल्यामुळें आपण तें वर्णन उन्हाळ्याच्या ठाण्याचें म्हणून बिनधोक घेऊं शकतों. हाच मजकूर ‘गारटोक शहर’ अशा मथळ्याखालीं तारखेवांचून आला असता, तर पुढच्या लेखकांनीं तेथें बारमाही बाजारपेठ वसविली असती.

आतां लोकरीच्या व्यापाराकडे पाहूं. लडाखांतून काश्मीरकडे दरसाल सुमारें ८०० ओझीं शालीची लोकर जाते. प्राचीन रिवाज व करार यांमुळें ही निर्गत काश्मीरपुरतीच आहे, आणि दुसरीकडे माल नेणाराचा माल जप्त होतो. राजा व त्याचा मंत्री कहलोन हे स्वतःही या व्यापारांत मोठे भागीदार आहेत, अशा आशयाचा मजकूर १८४१ च्या ग्रंथांत आहे. या विषयावरील जवळजवळ प्रत्येक पुढच्या लेखकानें याचा उपयोग केला आहे. १६८४ च्या तहानें पश्चिम तिबेटच्या लोकरीवर लडाखचा हक्क मान्य झाला होता, त्या तहाशीं हें विधान जुळतें. पण हा ८०० चा आंकडा कोणत्या सालचा? कोणी सांगितला? लेहच्या कहलोनानें सांगितला असेल तर तो सरकारी वसुलाच्या अंगानें कमी असण्याचा संभव. काश्मिरी व्यापाऱ्यानें सांगितला असेल तर त्याच्या स्वार्थाप्रमाणें कमी किंवा जास्त. शिवाय १८१५-१६ च्या सुमारास कुमाऊं व सतलजकांठचा डोंगरी मुलूख कंपनीच्या छायेखालीं आल्यावर कांहीं लोकर चोरवाटेनें बशहरमधील रामपुराकडे वळूं लागली होती. आंकडा त्या पूर्वींच्या चांगल्या दिवसांची आठवण सांगतो कीं त्या नंतरची स्थिति, हें ठरविण्यास छापील ग्रंथ कांहींच साह्य करीत नाहीं. मूळ टिपणावरील एक तारीख व सांगणाराचें नांव एवढ्यानें हें कोडें सुटण्यासारखें होतें. पाल्हाळ म्हणून जें गाळलें जातें, तें बहुधा याच जातीचें असतें.

एके ठिकाणीं विल्सन यांनीं निराळी रीत धरली आहे, तिची स्तुति केली पाहिजे. ट्रेबेक लेहहून त्सो मोरिरी सरोवराच्या बाजूनें स्पितीकडे गेला, त्याचा वृत्तांत त्यांनीं ट्रेबेकच्याच नांवानें वेगळा दिला आहे. तेथें कोण बोलतो व कोठून बोलतो याचा घोटाळा होत नाहीं. इतरत्र ‘मी’ आणि ‘आम्ही’ असे शब्द येतात, त्यांतील लेखणी मूरक्रॉफ्टची, ट्रेबेकची कीं संक्षेप करणाराची, हें प्रत्येक वेळीं तपासून घ्यावें लागतें. फिरत्या लोकांविषयींचा अभ्यास करणारांनीं म्हणूनच ट्रेबेकच्या प्रकरणास अधिक वजन द्यावें, असें आमचें मत आहे.

(४) दुसरा साक्षीदार स्वतंत्र आहे काय ?

मूरक्रॉफ्टची पडताळणी करावयाची झाल्यास मीर इज्जतउल्ला याच्याकडे वळावें, असें सुचविलें जाईल. सूचना योग्य आहे. १८१२ सालीं मूरक्रॉफ्टनेंच त्यास पुढें पाठविलें होतें. अटकेहून काश्मीर, लेह, काराकोरम, यारकंद, काश्गर, कोकंद, समरकंद, बुखारा आणि परत बाल्ख व काबूल या मार्गें त्यानें १८१३ पर्यंत फेरी पुरी केली आणि फारसींत रोजनामा लिहिला. ज्या यारकंदचें दार मूरक्रॉफ्टास शेवटपर्यंत उघडलें नाहीं, तेथून हा मनुष्य आठ वर्षें आधीं जाऊन आला होता. मजल किती, वस्ती आहे कीं नाहीं, गवत व सरपण मिळतें कीं नाहीं, अशा नोंदी तो मुक्कामागणिक करतो. काश्गर ते कोकंद या वाटेवरील किर्गिझ लोकांच्या मुलखाविषयींही त्याची माहिती स्वतः पाहिलेली आहे. काफिल्याबरोबर चालणाऱ्या माणसास ज्या गोष्टींवांचून जीव वांचविणें कठीण, त्याच त्यानें लिहिल्या. म्हणून त्याचा रोजनामा थोडक्यांत असूनही भरींव आहे.

परंतु येथें एक अडचण आहे, तिकडे पुरेसें लक्ष गेलेलें दिसत नाहीं. इज्जतउल्लाच्या रोजनाम्याचें १८२५ सालीं कलकत्त्याच्या त्रैमासिकांत छापलेलें इंग्रजी रूपांतर विल्सन यांनींच केलेलें होतें. पुढें तेंच रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत पुन्हां आलें. म्हणजे मूरक्रॉफ्टची साक्ष व इज्जतउल्लाची साक्ष या दोन्ही आपल्याकडे एकाच लेखणींतून उतरून येतात. स्थळांचीं नांवें, अंतरें, लोकांच्या जाती यांविषयीं दोघांचें एकमत आढळलें, तर तें दोघां प्रवाशांचें एकमत कीं एका संपादकाची एकवाक्यता, हा संशय राहतोच. दोन नकला एका हातच्या असतील तर त्यांच्या जुळण्यास पुराव्याचें महत्त्व नसतें, हा हस्तलिखितांच्या अभ्यासांतील पहिला धडा आहे.

या संशयाचें निवारण थोड्या अंशीं होऊं शकतें. १८७२ सालीं कॅप्टन हेंडर्सन यानें केलेलें त्याच रोजनाम्याचें भाषांतर कलकत्त्यास प्रसिद्ध झालें. आमची शिफारस अशी कीं, इज्जतउल्लाचा आधार घ्यावयाचा तर हेंडर्सनचें भाषांतर समोर ठेवावें आणि जेथें तें विल्सन यांच्याशीं जुळणार नाहीं, तेथें फारसी पोथीपर्यंत जावें. तिसरा साक्षीदार गुलाम हैदरखान. तो प्रवासांतून जिवंत परतला, आणि त्याच्या हकीकतीवरून हिअर्सी यानें सिद्ध केलेला वृत्तांत १८३५-३६ मध्यें ‘एशियाटिक जर्नल’मध्यें आला. तो विल्सन यांच्या हातचा नाहीं, हें त्याचें मोठें मोल. मात्र त्यालाही हिअर्सीचा हात लागलेला आहे, हें विसरूं नये.

जातां जातां श्रेयाचाही विचार केला पाहिजे. १८४१ च्या नामपृष्ठावर दोन इंग्रजांचीं नांवें आहेत. पण वाट मोजली हरखदेवाच्या पावलांनीं, यारकंदचा मार्ग उलगडला इज्जतउल्लाच्या मुक्कामांनीं, आणि शेवटच्या दुर्दैवी महिन्यांची हकीकत सांगितली गुलाम हैदरखानानें. मूरक्रॉफ्ट स्वतः या लोकांचें ऋण मोकळेपणानें मानीत असे. हरखदेवाचें नांव व काम आज आपल्यास ठाऊक आहे तें मूरक्रॉफ्टच्या दिनचर्येमुळेंच. टिपणांत मूळ माणसें असतात. टिपणांचा ग्रंथ झाला म्हणजे तीं मागें पडतात.

(५) संपादकाची जागा

आणखी एक गोष्ट नमूद करणें अवश्य आहे. मे १८२१ मध्यें मूरक्रॉफ्टनें कंपनीच्या परवानगीवांचून लेहच्या दरबाराशीं व्यापाराचा करार केला, आणि लडाखच्या बाजूनें रणजितसिंगाकडे लिहिण्याचें धाडस केलें. कंपनीनें हें सर्व नाकबूल केलें, त्याची कानउघाडणी केली व त्याचा पगार थांबविला. विल्सन हे १८३६ पासून त्याच कंपनीचे ग्रंथपाल होते, आणि त्यांचा ग्रंथ निघाला तेव्हां अफगाणिस्तानांत कंपनीचें युद्ध चाललें होतें. त्यांनीं मुद्दाम कांहीं दडविलें असा आरोप आम्ही करीत नाहीं. त्यास पुरावा नाहीं. परंतु धन्याची नाराजी झालेल्या नोकराचे कागद त्याच धन्याच्या दुसऱ्या नोकरानें निवडले, ही वस्तुस्थिति राजकीय मजकूर वाचतांना ध्यानांत ठेवावी. गॅरी ॲल्डर यांनीं मूळ कागद चाळून मूरक्रॉफ्टचें विस्तृत चरित्र १९८५ सालीं प्रसिद्ध केलें. चरित्र व मूळ कागदांचें मुद्रण या मात्र दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिलीनें दुसरीची गरज भागत नाहीं.

(६) कागदाचा एक तुकडा

किरकोळ वाटणाऱ्या कागदाची किंमत किती, याचा याच प्रकरणांत एक नमुना आहे. फ्रेंच मिशनरी ह्यूक व गाबे हे १८४६ सालीं ल्हासा येथें पोंचले. मूरक्रॉफ्ट हा १८२५ सालीं मेलाच नाहीं. तो मुसलमानाच्या वेषांत १८२६ पासून बारा वर्षें ल्हासा येथें राहिला आणि १८३८ मध्यें परत जातांना वाटेंत लुटारूंच्या हातून मारला गेला, अशी कथा त्यांनीं तेथें ऐकली व ह्यूकच्या १८५० च्या ग्रंथानें ती जगभर केली. कथा रंजक आहे, आणि ती सांगणारे कांहीं लोक प्रत्यक्ष परिचयाचा दावा करीत होते.

तिचें खंडन विल्सन यांच्या ग्रंथावरून होऊं शकत नाहीं. कारण ग्रंथ मागून तयार झालेला. खंडन होतें तें एका चिटोऱ्यावरून. ह्यूकच्या आधीं आठ वर्षें डॉक्टर लॉर्ड हे कुंदुझच्या बाजूस गेले असतां त्यांस मूरक्रॉफ्टचीं कांहीं पुस्तकें व कागद मिळाले. त्यांत ट्रेबेकच्या हातची एक त्रोटक नोंद होती. तींत मूरक्रॉफ्टच्या मृत्यूची तारीख २७ ऑगस्ट अशी दिलेली आहे. सोबत्यानें त्याच दिवसांत लिहिलेली, कोणास दाखविण्यासाठीं नव्हे तर स्वतःच्या आठवणीसाठीं केलेली ही ओळ बारा वर्षांच्या कथेहून बळकट ठरते. एखाद्या नीटनेटक्या संपादकानें असा चिटोरा ‘निरुपयोगी’ म्हणून बाजूस टाकिला असता, तर आज मूरक्रॉफ्टच्या ल्हासावासावर प्रबंध लिहिले गेले असते.

(७) उपसंहार

आपल्या भाषेंतही असें एक उदाहरण आहे. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्य यांनीं १९०७ सालीं छापला तेव्हां त्यांनीं मूळ मजकुरांत बदल केले होते. पण वैद्यांनीं मूळ हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन केलें. त्यामुळें १९६६ सालीं दत्तो वामन पोतदार यांस तें मुळाबरहुकूम छापतां आलें आणि वरसईच्या भिक्षुकाची खरी भाषा वाचकांस मिळाली. संपादकाच्या हातून झालेल्या फेरफाराचें परिमार्जन पुढच्या पिढीस करतां येतें, पण त्यास मूळ कागद राहिलेला असावा लागतो. मूरक्रॉफ्टचे कागद राहिले आहेत. ते तारीखवार, सांगणाराच्या नांवांसह व हिशेबाच्या टिपणांसह छापले गेले पाहिजेत. तोंपर्यंत १८४१ च्या ग्रंथाचा उल्लेख करतांना ‘विल्सनकृत संक्षेप’ असा करावा. लडाखच्या व्यापाराचे आंकडे साल ठरल्यावांचून कोष्टकांत घालूं नयेत. आणि मेंढपाळांच्या वस्तीविषयींचें कोणतेंही विधान महिना व मुक्काम कळल्याशिवाय प्रमाण मानूं नये.

आमच्या संग्राहक मित्रांसही याच निमित्तानें एक विनंति आहे. रुमाल सोडला म्हणजे बखर, सनद व मोठ्या माणसाचें पत्र प्रथम बाजूस निघतें. चाऱ्याचा खर्च, मेंढरांची गणती, वाटेंतील मुक्कामांची यादी हीं मागें राहतात व कालांतरानें वाळवीच्या किंवा रद्दीच्या हवालीं होतात. डोंगरांतून फिरणाऱ्या, स्वतः कांहीं न लिहिणाऱ्या लोकांची आठवण जर कोठें असेल, तर ती बहुधा याच कागदांत असते. तेव्हां कागद विषयवार लावण्याची घाई करूं नये. तो ज्या कागदाशेजारीं सांपडला, त्याच्या शेजारींच असूं द्यावा. त्यावर तारीख असेल ती यादींत लिहावी. आणि कोणी आणून दिला, कोठून आला, हें मागील बाजूस नोंदवून ठेवावें.